शेंगदाण्याची बारा वर्षं

शेंगदाण्यात एक प्रथिन असतं. लेक्टिन म्हणतात त्याला. ठरावीक साखर ओळखायची आणि तिला धरून ठेवायचं, हा त्याचा गुण. माणसाच्या तांबड्या पेशींवर साखरेची एक जोडी असते, एरवी सियालिक आम्लाखाली झाकलेली. हे आवरण काढून टाकलं की शेंगदाण्याचं लेक्टिन त्या पेशींना पकडतं आणि त्यांच्या गुठळ्या होतात. या साखरजोडीला टी-अँटिजेन म्हणतात. कित्येक कर्करोगांत ती पेशींवर उघडी पडलेली सापडते, त्यामुळे रोगनिदान करणाऱ्यांचं लक्ष या प्रथिनाकडे गेलं होतं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या लेक्टिनचे स्फटिक तयार झाले. त्यांच्यावरचं पहिलं टिपण १९८२ साली ‘जर्नल ऑफ मॉलेक्युलर बायॉलॉजी’त छापून आलं. लेखक चार : दिनकर साळुंके, एम. इस्लाम खान, अवधेश सुरोलिया आणि एम. विजयन. प्रत्यक्ष रचना, म्हणजे त्या रेणूतला कुठला अणू कुठे बसला आहे याचा नकाशा, प्रसिद्ध झाला तो १९९४च्या जानेवारीत, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये. मधे बारा वर्षं गेली.

या बारा वर्षांचा हिशेब एका कारणात बसत नाही. यंत्रं महाग होती, पैसा उशिरा आला, माणसं शिकून तयार व्हायची होती. पण याखेरीज एक अडचण होती, आणि ती श्रीमंत प्रयोगशाळांनाही चुकली नव्हती. रेणूचा नकाशा एका स्फटिकातून मिळत नसे. अनेक स्फटिकांवर घेतलेली अपुरी, कमी-जास्त, एकमेकांशी न जुळणारी मोजमापं आधी एका मापावर आणावी लागत, मग एकत्र करावी लागत. या कामाची स्तुती कुणी करत नाही. शोधनिबंधात ते छोट्या टाइपातल्या तक्त्यात आटोपतं. खरं तर रचना बरोबर की चूक याचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरणांचा बारीक झोत सोडला की पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची जाळी उमटते. प्रत्येक ठिपका किती काळा आहे, एवढंच मोजायचं. ठिपक्याची जागा स्फटिकातल्या ‘घरां’ची लांबी-रुंदी सांगते आणि त्याची तीव्रता घरात अणू कसे बसले आहेत ते सांगते. मात्र स्फटिक स्थिर ठेवला तर फार थोडे ठिपके दिसतात. म्हणून तो अंशाअंशानं फिरवत चित्रामागून चित्र घ्यायचं. शेंगदाण्याच्या लेक्टिनचा रेणू चार सारख्या उपघटकांचा, एकूण रेणुभार १,१०,०००. एवढ्या मोठ्या रेणूचे ठिपके हजारोंनी असतात. अखेरच्या निबंधात वापरलेल्या परावर्तनांचा आकडा २२,१५५ आहे, आणि तो एकत्रीकरण झाल्यानंतरचा आहे. त्यातलं एकेक परावर्तन मुळात अनेकदा मोजलेलं असतं.

हे सगळं एकाच स्फटिकावर का मोजत नसत? कारण क्ष-किरणांनी स्फटिक मरतो. प्रथिनाच्या स्फटिकात जवळजवळ निम्मं पाणी असतं. किरणांचा मारा चालू राहिला की त्यातली घडण विस्कटत जाते आणि ठिपके फिके पडू लागतात. सगळ्यात बाहेरचे, म्हणजे बारीकसारीक तपशील सांगणारे ठिपके आधी जातात. द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात स्फटिक गोठवून मोजण्याची पद्धत १९९०च्या दशकात रुळली. त्याआधी काचेच्या केसासारख्या नळीत, खोलीच्या तापमानाला, स्फटिक जितका टिकेल तितका टिकेल असा मामला होता. एक संपला की दुसरा लावायचा.

दुसरा स्फटिक पहिल्यासारखा नसतो. आकारानं मोठा असला तर सगळेच ठिपके गडद. नळी जाड असली तर सगळेच फिके. झोताची ताकदही दिवसागणिक बदलणार. शिवाय फिल्मची स्वतःची मर्यादा असते : फार काळा ठिपका मोजता येत नाही आणि फार फिका दिसत नाही. म्हणून एकामागे एक अशा दोनतीन फिल्म ठेवत. पुढची फिल्म थोडे किरण शोषून घेई आणि मागच्या फिल्मवर तेच ठिपके कमी काळे उमटत. आता या फिल्मचा त्या फिल्मशी हिशेब लावा, मग या स्फटिकाचा त्या स्फटिकाशी, आणि सुरुवातीच्या चित्रांचा स्फटिक थकल्यानंतरच्या चित्रांशी.

मोजमापाची ही अडचण आमच्या मध्य भारताला जुनी आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षण दक्षिणेकडून वर सरकत आलं. विल्यम लॅम्टन १८२३ साली हिंगणघाटला वारला आणि पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. जबलपूरच्या पश्चिमेला सिरोंजजवळ त्यानं १८२४-२५ साली साखळीनं एक पायारेषा मोजली. सर्वेक्षणात प्रत्यक्ष जमिनीवर मोजली जाते ती अशी एखादीच रेषा, बाकीच्या शेकडो बाजू कोनांवरून काढतात. पायारेषेत चूक झाली तर तिच्यावर उभा असलेला प्रत्येक त्रिकोण त्याच प्रमाणात लहान किंवा मोठा होतो, कोन कितीही चोख असले तरी. पुढे लोखंड आणि पितळ यांच्या जोडदांड्या आल्या. उन्हातान्हात त्यांची लांबी बदलत नसे. एव्हरेस्टनं तीच सिरोंजची रेषा १८३७-३८ साली त्या दांड्यांनी पुन्हा मोजली. स्फटिकशास्त्रात दर स्फटिक म्हणजे एक स्वतंत्र त्रिकोणमाळ असते, आणि तिची पायारेषा कुणी मोजलेलीच नसते.

मग माप आणायचं कुठून? पहिलं उत्तर १९४२ साली ए. जे. सी. विल्सननं ‘नेचर’मधल्या छोट्या टिपणात दिलं. स्फटिकात कुठले अणू किती आहेत हे ठाऊक असेल तर ठिपक्यांची सरासरी तीव्रता किती असायला हवी हे आधीच सांगता येतं. मोजलेली सरासरी त्या अपेक्षेशेजारी ठेवली की माप हाती लागतं, आणि बाहेरच्या ठिपक्यांचा फिकेपणा किती वेगानं वाढतो तेही कळतं. पण सरासरीवरचं हे माप ढोबळ असतं. अधिक नेमका मार्ग असा की दोन स्फटिकांवर जे ठिपके दोन्हीकडे मोजले गेले आहेत, त्यांनाच साक्षीदार करायचं. स्फटिकाच्या सममितीमुळे काही ठिपके मुळातच समान असतात, तेही साक्षीला येतात. प्रत्येक चित्राला एक गुणक द्यायचा. गुणक असे निवडायचे की एकाच परावर्तनाची सगळी मोजमापं गुणल्यानंतर एकमेकांच्या जास्तीत जास्त जवळ यावीत. हॅमिल्टन, रॉलेट आणि स्पार्क्स यांनी १९६५ साली हे गणित नीट मांडलं. पुढच्याच वर्षी फॉक्स आणि होम्स यांनी तीच समीकरणं सोडवायची दुसरी, सुटसुटीत रीत दिली. आज प्रयोगशाळेत पोरं एक बटण दाबून जे करतात त्याच्या तळाशी अजून हीच दोन नावं असतात. बटण दाबणाऱ्याला ती बहुधा ठाऊक नसतात, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही.

मामन्नमना विजयन मूळचे केरळचे. अलाहाबादला एम.एस्सी. आणि बंगळूरला पीएच.डी. करून ते ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्याकडे गेले. तिथे इन्सुलिनचं काम चालू होतं. हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र १९३५ साली घेतलं होतं आणि रचना प्रसिद्ध झाली १९६९ साली. चौतीस वर्षांच्या त्या कामाच्या शेवटच्या टप्प्यात विजयन होते. त्या निबंधावर त्यांच्या नावाशेजारी गाय आणि एलिनॉर डॉड्सन हे दांपत्यही आहे. ही नावं पुढे पुण्याच्या संदर्भात पुन्हा येतील.

१९७१ साली विजयन बंगळूरला परतले. प्रथिनांची रचना सोडवायची तर खर्चिक यंत्रं हवीत आणि ती नव्हती. मग त्यांनी अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड यांच्या जोड्यांवर काम केलं, ते दर्जेदार होतं, पण ते प्रथिन नव्हे. १९८३ साली केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं निवडक क्षेत्रांना भरघोस मदत देण्याच्या योजनेत या कामाला पैसा दिला आणि तिथून भारतातलं प्रथिन-स्फटिकशास्त्र खऱ्या अर्थानं उभं राहू लागलं. तोपर्यंत मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात के. के. कण्णन हे स्वीडनमधल्या उप्साला इथे कार्बॉनिक अनहायड्रेजची रचना सोडवण्याचा अनुभव घेऊन आले होते. दोन ठिकाणी मिळून मोजकीच माणसं.

बंगळूरच्या त्या मोजक्यांत दोघे मराठी. दिनकर साळुंके बेळगावकडचे, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून आलेले. शेखर मांडे नागपूरचे, नागपूर विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे एम.एस्सी. १९८२च्या टिपणावर साळुंके यांचं नाव पहिलं आहे. १९८५ साली लेक्टिनच्या चार उपघटकांच्या मांडणीचा अंदाज घेणारा निबंध आला, त्यावर साळुंके आणि मांडे दोघेही आहेत. नंतर साळुंके अमेरिकेत ब्रँडाइसला डॉन कॅस्पर यांच्याकडे विषाणूंच्या कवचावर काम करायला गेले, पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत आले. १९९४च्या निबंधावर मांडे यांचं नाव आहे. त्यानंतर हैदराबादला क्षयाच्या जंतूच्या एका प्रथिनाची रचना, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचं संचालकपद आणि २०१८ ते २०२२ सीएसआयआरचं महासंचालकपद, अशी त्यांची वाट.

ठिपक्यांची तीव्रता मोजली म्हणजे रचना मिळाली असं नाही. प्रत्येक लाटेची उंची कळते, पण ती कुठून सुरू झाली हे कळत नाही. ही हरवलेली माहिती परत मिळवायची तेव्हाची हुकमी युक्ती म्हणजे जड अणू. पारा, प्लॅटिनम किंवा युरेनियम यांच्या क्षारांत स्फटिक भिजवायचा. जड अणू प्रथिनाच्या ठरावीक जागी चिकटला की ठिपके थोडे बदलतात. मूळ स्फटिकाचे ठिपके आणि भिजवलेल्याचे ठिपके यांच्या फरकावरून लाटांची सुरुवात काढायची. शेंगदाण्याची रचना याच पद्धतीनं सुटली आहे, एकाहून अधिक जड अणू वापरून.

सगळी मदार ‘थोडे बदलतात’ यातल्या ‘थोडे’वर असते. क्रिक (डीएनएवाला तोच) आणि बिआट्रिस मॅग्डॉफ यांनी १९५६ साली या बदलाचं गणित करून ठेवलं होतं. त्यांच्या सूत्रात शेंगदाण्याएवढा रेणू आणि दर उपघटकाला पाऱ्याचा एक पूर्ण बसलेला अणू घातला तर लाटेच्या उंचीत सरासरी फरक पडतो साधारण एक पंचमांश. पारा अर्ध्याच रेणूंवर बसला तर एक दशांश. आता मूळ स्फटिकाच्या चित्रांत आपसांत आठ टक्के तफावत आहे, भिजवलेल्यांत तेवढीच, आणि दोघांना जोडणारा गुणक किंचित चुकला आहे असं धरा. मग हातात उरतो तो फरक पाऱ्याचा किती आणि आपल्या गलथानपणाचा किती?

क्रिक आणि मॅग्डॉफ यांनी आणखी एक इशारा दिला होता. भिजवल्यामुळे स्फटिकातलं घर जरासं फुगलं किंवा आकसलं तर? शंभर आंगस्ट्रॉमच्या घराच्या तिन्ही बाजू अर्ध्या टक्क्यानं बदलल्या तर तीन आंगस्ट्रॉमपर्यंतच्या ठिपक्यांच्या तीव्रता सरासरी पंधरा टक्क्यांनी बदलतात, एकही जड अणू न चिकटता. हा फरक कुठल्याही गुणकानं निघत नाही, कारण तो मापातला नाहीच. दोन स्फटिकच वेगळे झालेले असतात. एकत्रीकरणाच्या कामातली खरी पारख इथे लागते. माप वेगळं असलेल्यांना जुळवून घ्यायचं, मुळात वेगळे असलेल्यांना बाहेर ठेवायचं, आणि आकड्यांच्या यादीत दोघं दिसतात एकसारखेच.

बंगळूरच्या चमूनं हे सगळं पार पाडून २.९५ आंगस्ट्रॉमपर्यंतचा नकाशा उभा केला, आणि त्यात निघालं ते कुणाच्या अपेक्षेत नव्हतं. चार सारखे उपघटक एकत्र आले की निसर्ग त्यांना सहसा बंदिस्त सममितीत बसवतो. एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या तीन अक्षांभोवती तरी बसवतो, किंवा एका अक्षाभोवती चौफेर तरी. शेंगदाण्याचा रेणू यातलं काहीच पाळत नव्हता. त्याचे दोन अर्धे एका अक्षानं जोडलेले. प्रत्येक अर्ध्यातले दोन उपघटक आपापल्या वेगळ्या अक्षानं जोडलेले. आणि हे अक्ष मिळून बंद आकृती होत नव्हती. त्याआधी असा समज होता की शेंगवर्गीय लेक्टिनांच्या मांडणीतले फरक त्यांना चिकटलेल्या साखरेमुळे पडतात. शेंगदाण्याच्या लेक्टिनला अशी साखर चिकटलेलीच नसते, तरी मांडणी निराळी. म्हणजे कारण प्रथिनाच्या स्वतःच्या घडणीत होतं.

असा निकाल छापायला धीर लागतो. सममिती मोडलेली दिसली की पहिला संशय स्वतःच्या मोजमापावर घ्यावा लागतो, आणि जोडकामात कुठे ठिगळ चुकलं का हे पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. १९९६ साली तीच रचना २.२५ आंगस्ट्रॉमपर्यंत सुधारून आली. उघडी मांडणी तशीच राहिली. १९९७ साली टी-अँटिजेन धरलेल्या लेक्टिनची रचना आली. शेंगदाणा ही साखरजोडी इतकी नेमकी ओळखतो यात मधल्या पाण्याच्या रेणूंचा हात असतो, असं तिच्यात दिसलं. सुरुवातीचा रोगनिदानाचा प्रश्न तिथे एका मुक्कामाला आला.

या सगळ्या काळात मोजमापं चांगली की वाईट हे ठरवायला जगभर एक आकडा वापरत : आर-मर्ज. एकाच परावर्तनाची अनेक मोजमापं सरासरीपासून किती टक्के दूर आहेत, ते हा आकडा सांगतो. १९६८ साली आर्न्ट, क्राउथर आणि मॅलेट यांच्या एका निबंधातून तो आला आणि पुढे जणू कायदाच झाला. बाहेरच्या ठिपक्यांत आर-मर्ज फार वाढला की तिथून पुढचा डेटा कापून टाकायचा. परीक्षकही तेच मागत.

हे माप सदोष होतं, आणि दोष बारीक नव्हता. एखादं परावर्तन दोनदाच मोजलं तर सरासरी त्या दोघांच्या बरोबर मधे येते, म्हणून दोन्ही मोजमापं तिच्या जवळ दिसतात. त्याच अचूकतेनं वीसदा मोजलं तर सरासरी खऱ्या आकड्याच्या अधिक जवळ जाते, पण एकेक मोजमाप तिच्यापासून अधिक दूर दिसतं. गणित करून पाहिलं तर दोनदा मोजल्यावर सात टक्के दिसणारी तफावत पुष्कळदा मोजल्यावर दहा टक्क्यांकडे जाते. म्हणजे जास्त मेहनत केली, जास्त स्फटिक जोडले, सरासरी सुधारली, की आकडा वाईट. अनेक स्फटिकांचा डेटा जोडणाऱ्याला हा आकडा नेमका उलटा सल्ला देत होता. १९९७ साली काय डीडरिक्स आणि अँड्र्यू कारप्लस यांनी तो दुरुस्त केला, मोजमापांच्या संख्येचा परिणाम काढून टाकणारा गुणक लावून. तरीही वर्षानुवर्षं तक्त्यांत जुनाच आकडा पहिल्या रांगेत छापला जात होता. शास्त्रज्ञ सवयीचे गुलाम नसतात असं कुणी म्हणालं तर त्याला हा तक्ता दाखवावा.

२०१२ साली त्याच जोडीनं ‘सायन्स’मध्ये वेगळीच कसोटी मांडली. सगळी मोजमापं यदृच्छेनं दोन गटांत वाटायची. दोन्ही गट स्वतंत्रपणे एकत्र करायचे आणि त्यांचा एकमेकांशी किती मेळ बसतो ते पाहायचं. ही कसोटी लावल्यावर कळलं की जुन्या आकड्याच्या भीतीनं लोक जे फिके, दूरचे ठिपके कापून टाकत होते त्यांत उपयुक्त माहिती शिल्लक असे. ते ठेवले तर रचना सुधारत होती.

२०१२ सालचीच आणखी एक घटना नागपूरशी धागा जोडते. काही अणू ठरावीक तरंगलांबीच्या क्ष-किरणांना इतरांसारखा प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे जे ठिपके एरवी समान असायचे ते किंचित असमान होतात, आणि लाट कुठून सुरू झाली ते त्या असमानतेतून काढता येतं. हा मार्ग भारतात फार लवकर चोखाळला गेला. १९५६ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि एस. रामन यांनी. १९५७ साली शिवराज रामशेषन यांनी, वेंकटेशन आणि मणी यांच्यासह, पोटॅशियम परमँगनेटच्या स्फटिकावर. रामशेषन सी. व्ही. रामन यांचे भाचे आणि १९४३चे नागपूर विद्यापीठाचे पदवीधर. जबलपूरकरांनी त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही : तेव्हा मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि आमचं रॉबर्टसन कॉलेज त्याच विद्यापीठाखाली होतं. १९८३ साली बंगळूरच्या प्रथिनकामाला पैसा मिळाला तेव्हा भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक हेच रामशेषन होते.

प्रत्येक प्रथिनात थोडं गंधक असतंच, पण त्याची अशी खूण इतकी पुसट असते की एका स्फटिकाच्या गोंगाटात ती बुडून जाते. चुन लिऊ, वेन हेंड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अनेक स्फटिकांचा डेटा काळजीपूर्वक एका मापावर आणून जोडला. गोंगाट एकमेकांना खोडत गेला आणि खूण वर आली. १२७ ते १,१४८ अमिनो आम्लांची चार प्रथिनं त्यांनी पारा-प्लॅटिनम न वापरता सोडवली. अनेक स्फटिक ही तोवर नाइलाजाची गोष्ट होती. इथे ती मुद्दाम केली.

या वाटेचं टोक त्याआधीच, २०११ साली, स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरवर गाठलं गेलं होतं. हेन्री चॅपमन आणि त्यांच्या मोठ्या चमूनं प्रकाशसंश्लेषणातल्या एका प्रथिनसंचाचे अतिसूक्ष्म स्फटिक पाण्याच्या धारेतून सोडले. लेसरचा एक झटका, एक स्फटिक, एक चित्र, आणि स्फटिकाची वाफ. तीस लाखांहून अधिक चित्रं घेतली. त्यातली जुळवण्याजोगी निघाली ती पंधरा हजारांच्या पुढे. इथे कुठल्याही स्फटिकाचं दुसरं चित्र नाही, कुठला ठिपका पूर्ण आला आणि कुठला अर्धवट तेही माहीत नाही. सुरुवातीला त्यांनी सरळ सरासरी घेतली आणि संख्येच्या जोरावर चुका एकमेकींना खातील असा भरवसा ठेवला. तो बऱ्यापैकी खरा ठरला.

पुण्यात मधल्या काळात वेगळी वाट चालू होती. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले आणि सहकारी पेनिसिलिन व्ही असायलेज या औषधउद्योगाच्या उपयोगी एन्झाइमवर काम करत होते. त्याची रचना १९९९ साली प्रसिद्ध झाली, ती इंग्लंडमधल्या यॉर्कच्या गाय डॉड्सन यांच्या गटाबरोबर. हे तेच इन्सुलिनवाले डॉड्सन. एलिनॉर डॉड्सन यांनी दरम्यान ब्रिटनच्या सामायिक संगणक-प्रणालीसंचात मोठं काम केलं होतं, आणि जगभरातले स्फटिकशास्त्रज्ञ त्या संचातूनच डेटा एका मापावर आणत. विजयन बंगळूरला आले, डॉड्सन यॉर्कला गेले आणि दोन्हीकडून ऑक्सफर्डची ती शिस्त भारतात पोचली.

ताकदवान झोतासाठी आपल्या लोकांना बराच काळ परदेशीच जावं लागे. फ्रान्समधल्या ग्रनोबलला एका झोतवाहिनीवर जैवतंत्रज्ञान विभागानं भागीदारीत वेळ मिळवून दिला, त्यावर कित्येक भारतीय रचना सुटल्या. देशात ही सोय झाली ती इंदूरला. होळकरांच्या सुखनिवासाशेजारच्या जमिनीवर १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली, आता त्याला राजा रामण्णांचं नाव आहे. तिथल्या इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोचतात, आणि ते वळताना फेकतात तो प्रकाश वापरतात. एकविसाव्या क्रमांकाची झोतवाहिनी प्रथिनांच्या स्फटिकांसाठी आहे, भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेली. तिचं सविस्तर वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झालं. लेखकांत रवींद्र माकडे आहेत, २०१० साली ‘नेचर’मध्ये न्यूक्लिओसोमला चिकटलेल्या प्रथिनाची रचना देणाऱ्या निबंधाचे पहिले लेखक. जबलपूरहून रात्री ओव्हरनाइट एक्स्प्रेसनं निघालं की सकाळी इंदूर. आता महाकोशलातल्या विद्यार्थ्याला चांगला झोत परदेशात नाही, आपल्याच राज्यात आहे.

स्फटिक आता गोठवलेले असतात, फिल्म गेली, काही मिनिटांत शेकडो चित्रं येतात. एका स्फटिकात काम भागतंही पुष्कळदा. पण अवघड प्रथिनांचे, विशेषतः पेशीच्या पटलातल्या प्रथिनांचे स्फटिक इवलेसे निघतात आणि पुन्हा तुकडे जोडायची वेळ येते. मग क्रिक-मॅग्डॉफचा जुना प्रश्न तसाच समोर : यातले कोण आपले, कोण परके? २०१३ साली जेम्स फोआदी आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी एक प्रणाली दिली. घरांच्या लांबी-रुंदीतल्या फरकांवरून ती स्फटिकांची वंशावळीसारखी झाडं काढते आणि कुठल्या फांद्या एकत्र घेण्याजोग्या आहेत ते सुचवते. फक्त सुचवते. कुठली फांदी घ्यायची हे अजून माणूसच ठरवतो, आणि दोन माणसं वेगवेगळं ठरवू शकतात.

म्हणून एक गोष्ट खटकते. जगातल्या प्रथिनरचनांची पेढी १९७१ साली सुरू झाली. तिथे अणूंच्या जागांसोबत एकत्रित परावर्तनांची यादी देणं सक्तीचं झालं २००८ साली. ही यादीही जोडकाम झाल्यानंतरची असते. मूळ चित्रं मागण्याची चळवळ त्यानंतरची, आणि ती देणं अजून बऱ्याच अंशी ऐच्छिक आहे. २०१२ची कसोटी १९८०च्या दशकातल्या मोजमापांना लावायची, फिके म्हणून कापलेले ठिपके परत घ्यायचे, बाहेर ठेवलेला स्फटिक पुन्हा आत घेऊन पाहायचा, तर त्यासाठी सुटी, न जोडलेली मोजमापं हवीत. त्या काळच्या बहुतेक रचनांच्या बाबतीत हाती उरली आहे ती फक्त जोडलेली यादी, आणि पुष्कळदा तीही नाही.